शेपटीचं माप

जलपरीच्या शेपटीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आखातातून कायमचा परत येऊन आठ महिने झाले होते. मुरुडला आमच्या मोहल्ल्यात बाहेरून परत आलेल्या माणसाला सुरुवातीला सगळे चहाला बोलावतात. मग 'आता पुढं काय?' असं विचारायला लागतात. नंतर तेही थांबतं. माझं ते थांबून बरेच दिवस झाले होते. सकाळी मासळी आणायची, पेपर वाचायचा आणि जेवून झोपायचं, एवढाच माझा दिवस. काही न करता इतका थकवा येतो हे मला माहीत नव्हतं.

तिकडे बावीस वर्षं मी एकाच दुकानात होतो. समुद्राखाली जाणारे लोक अंगाला घट्ट बसणारे काळे रबरी सूट घालतात, ते फाटले की दुरुस्त करणं हे माझं काम. त्या रबराला निओप्रीन म्हणतात. स्पंजासारखं असतं, आत हवेचे बारीक बुडबुडे आणि दोन्ही बाजूंना पातळ कापड. फाटलेल्या कडांना रबर चिकटवायच्या सोल्युशनचे दोन हात द्यायचे, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग कडेला कड लावून दाबायची आणि वरून बाकदार सुईनं शिवायचं. सुई आरपार जाता कामा नये, नाहीतर त्या भोकातून पाणी शिरतं. बावीस वर्षं मी हेच केलं. दुकान बंद झालं तेव्हा मालक म्हणाला, हे फाटके सूट हवे तर घेऊन जा. मी सहा सूट ट्रंकेत भरून आणले. अत्तराच्या बाटल्या आणि बदाम-पिस्त्याच्या पुड्या निघतील म्हणून बायकोनं ट्रंक उघडली, तर आतून ही काळी कातडी निघाली. तिनं ते सूट उन्हात टाकले आणि मग माळ्यावर ठेवून दिले.

काशीदच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे. तिथल्या मॅनेजरची केळ्याच्या आकाराची हवेची बोट फुटली होती, ती मी एकदा जोडून दिली होती. एप्रिलमध्ये तो मोटारसायकलवरून घरी आला.

"चाचा, मेच्या सुट्टीत मुंबईहून एक मुलगी येणार आहे. पूलमध्ये जलपरी होऊन पोहते. तिची शेपटी फाटलीय. तुम्ही नवी बनवाल का?"

"शेपटी?" मी विचारलं.

त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला. पाण्याखाली एक मुलगी कमरेपासून खाली मासा होऊन पोहत होती. तिचे दोन्ही पाय कुठं दिसत नव्हते.

"खरी वाटली पाहिजे. आणि पोहता आलं पाहिजे," तो म्हणाला. "नुसती फोटो काढायला नको. तीन आठवडे आहेत."

मी हो म्हटलं. घरात आणखी एक दुपार कशी घालवायची हे मला कळत नव्हतं, त्याहून मोठं कारण नव्हतं. तो गेल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणत होता?" मी सांगितलं. तिनं सुपातले तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत.

"बाईची शेपटी?" ती म्हणाली.

"व्हय."

"करा मग. सहा सूट खाली तरी येतील."

मुलीनं फोनवर मापं पाठवली. कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा आणि कमरेपासून टाचेपर्यंतची लांबी. मी ती वहीत उतरवून घेत होतो आणि बायको मागं उभी राहून वाचत होती.

"कंबर माझ्याहून कमी हाय," ती म्हणाली. "बाकी माझीच मापं."

ती उंच आणि अंगानं सडसडीत. पन्नाशीला आली तरी तशीच आहे. मला बरं वाटलं, कारण नुसत्या आकड्यांवरून असं काम होत नाही. माणसाचा पाय काही नळकांडं नसतो. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला अंगाबरोबर सूट हवा असला की आम्ही त्याला जुना पायजमा घालायला लावायचो, वरून चिकटपट्टी गुंडाळायचो, तिच्यावर शिवणींच्या रेघा मारायचो आणि मग ते सगळं कात्रीनं कापून काढायचो. सपाट पसरलं की तोच मापाचा कागद, त्यावरून रबर कापायचं.

"उभी राहशील का जरा?" मी विचारलं. "तासभर लागेल."

दुपारची वेळ होती. तिनं दाराला कडी लावली, जुनी सलवार घातली आणि खिडकीचा गज धरून उभी राहिली. मी खाली बसलो. आधी घोट्याचं आणि पोटरीचं माप उघड्या पायावर घेऊन मुलीच्या मापाशी ताडून बघायचं होतं, म्हणून मी तिच्या सलवारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर सरकवला.

पोटरीच्या मागच्या बाजूला वीतभर लांब व्रण होता. पांढरट आणि दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा असलेला. वरून खाली तिरपा गेला होता.

आठ महिने मी त्या घरात होतो. एकाच खोलीत झोपत होतो.

"हे काय?" मी विचारलं.

"पत्रा लागला होता."

"कधी?"

"वादळात. पडवीचे पत्रे उडाले तेव्हा."

ते वादळ मला आठवत होतं. म्हणजे फोनवरून आठवत होतं. दोन दिवस फोन लागत नव्हता, तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा ती म्हणाली होती, पत्रे उडाले, माड पडले, आम्ही सगळे ठीक आहोत. मी पत्र्यांसाठी पैसे पाठवले होते. पत्रे बसले का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

"मला सांगितलं न्हायस."

"सांगून तुम्ही काय केलं असतंत? विमानं बंद होती."

"नंतर सांगायचं."

"नंतर बरं झालं होतं," ती म्हणाली. "माप घेताय ना? पाय दुखतोय उभं राहून."

मी माप घेतलं. टाके कुणी घातले, दवाखान्यात कोण घेऊन गेलं, हे मी एकेक विचारत गेलो आणि ती खिडकीबाहेर बघत उत्तरं देत गेली. रस्त्यावर झाडं पडलेली असल्यामुळं गाडी जात नव्हती. तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानं, आणि शेजारच्या मुलग्यानं तिला खुर्चीत बसवून दवाखान्यापर्यंत नेलं होतं. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला सांगितलं होतं, की सून माहेरी गेलीय, चार दिवसांत येईल. पाचव्या दिवसापासून बायको तशाच पायानं माझ्या आईला उचलून बसवत होती.

मी सलवार खाली केली आणि चिकटपट्टी गुंडाळायला घेतली. दोन्ही पाय एकत्र, घोट्यापासून वर. पट्टी ओढली की चर्र आवाज व्हायचा. गुडघ्याच्या वर आल्यावर मीच बोललो.

"मी पण एक सांगितलं न्हाय तुला."

"काय?"

"सोल्युशनच्या वासानं छाती भरली होती. नऊ दिवस इस्पितळात होतो. तू विचारत होतीस, फोन का करत न्हाय, तेव्हा मी म्हटलं, शिफ्ट बदललीय."

तिनं गजावरचा हात बदलला.

"मला वाटलं होतं काहीतरी हाय," ती म्हणाली. "मी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी धरून चालले होते."

बावीस वर्षं एकट्या राहणाऱ्या नवऱ्याबद्दल बाई काय धरून चालेल ते मला समजलं. मी कमरेपर्यंत पट्टी नेली, पेनानं बाजूच्या रेघा मारल्या आणि कात्री घेतली. कात्रीचं खालचं टोक बोथट होतं, तरी मी हळूच कापत आणलं. साल निघावी तसं ते सगळं तिच्या अंगावरून सुटलं आणि जमिनीवर उभंच राहिलं. आत कोणी नव्हतं आणि तरी गुडघे होते, मांड्या होत्या.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "एवढी बारीक झालेय मी?" ती म्हणाली आणि पलंगावर बसून पाय चोळायला लागली.

पुढचे दहा दिवस काम चाललं. खालचा पंख आधी केला, कारण शेपटीत खरं काम तोच करतो. दोन्ही पायांना मिळून एकच रुंद पंख लागतो. माझ्याकडे तिकडून आणलेले पोहताना पायात घालायचे दोन रबरी फिन होते. ते शेजारी शेजारी ठेवले, शेडच्या छपराला वापरतात तो प्लास्टिकचा जाड पारदर्शक पत्रा माशाच्या शेपटीसारखा कापला आणि नट-बोल्टनं त्यांना जोडला. बोल्टची टोकं घासून गोल केली, वर निओप्रीनचे तुकडे चिकटवले, म्हणजे पायाला काही टोचणार नाही. पंखाच्या टोकांना चार भोकं ठेवली. पाण्याबाहेर आल्यावर आत साठलेलं पाणी वाहून गेलं नाही तर शेपटी घातलेलं माणूस उचलून काढावं लागतं.

मग सहा सुटांचे धड तुकडे कापून त्या पट्टीच्या मापावर शेपटीचं कातडं जोडलं. मी पडवीत बसायचो, तोंडाला ओला रुमाल बांधून. तरी खोकला यायचा. बायकोनं चूल मागच्या दारी नेली, सोल्युशनच्या बाटलीजवळ आग नको म्हणून. उन्हातून भाकऱ्या भाजून आत यायची तेव्हा तिचा चेहरा लाल झालेला असायचा. आम्ही दोघंही त्या दिवसांत फार बोललो नाही. संध्याकाळी मी हात धुवायचो, बोटांवरचं रबर खरवडून काढायचो आणि ती विचारायची, "किती झालं?" मी सांगायचो, "मांडीपर्यंत आलो."

रंगाचा प्रश्न आला. मॅनेजरला हिरवी आणि गुलाबी चमकी हवी होती. मी नमुना करून बायकोला दाखवला.

"असा मासा कुठं असतो?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून बांगडे आणले. एक अख्खा बांगडा ताटलीत घालून माझ्यासमोर ठेवला. पाठ निळी-हिरवी, तिच्यावर काळ्या वाकड्या रेघा, बाजूला कुठंतरी पिवळी झाक आणि पोट रुपेरी. इतकी वर्षं बांगडा खाल्ला होता, पण असा बघितला नव्हता. मी रंग नेहमीच्या पद्धतीनं लावला असता तर गुडघ्यापाशी तडकला असता, म्हणून पातळ केलेल्या सोल्युशनमध्येच रंगाची पूड मिसळली. तो रबराबरोबर ताणला जातो. खवल्यांसाठी मेव्हण्याकडून जुन्या जाळ्याचा तुकडा मागवला. जाळं शेपटीवर ताणून बांधलं आणि स्पंजानं वरून रंग टिपत गेलो. जाळं काढलं तेव्हा खाली खवल्यांच्या ओळी उठल्या होत्या. बायकोनं हात लावून बघितलं.

"पोटाकडं रुपेरी कमी पडलाय," ती म्हणाली. मी आणखी एक हात दिला. तो बांगडा तिनं दुपारी आमटीत घातला.

आता शेपटी पाण्यात घालून बघायची होती. माझ्या कमरेत ती चढत नव्हती. मॅनेजर म्हणाला, मुलगी एकदम शोच्या दिवशीच येणार. न तपासता शेपटी द्यायला मी तयार नव्हतो. पाय बांधलेलं माणूस पाण्यात असतं, मामुली गोष्ट नाही.

"मी बघते घालून," बायको म्हणाली.

"पाण्यात उतरायचंय."

"मग?"

"तुला पोहता येतं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"माहेरच्या विहिरीत पोहूनच मोठी झाले मी," ती म्हणाली. "आपल्या पोरीला कुणी शिकवलं असं वाटतं तुम्हाला?"

आमच्या पोरीला पोहता येतं हेही मला माहीत नव्हतं. लग्न होऊन ती पनवेलला गेली त्याला चार वर्षं झाली होती.

मेव्हण्याची गावाबाहेर नारळ-सुपारीची वाडी आहे. शिंपण्यासाठी पंपानं पाणी साठवायचा सिमेंटचा मोठा हौद तिथं आहे, गळ्याइतका खोल. आम्ही पहाटे फजरच्या नमाजनंतर निघालो. मेव्हण्याला ती म्हणाली, "तू जरा त्या टोकाला जा, पाटाचं बघ." तो गेला. तिनं सलवार-कमीज घातला होता, ओढणी कमरेला बांधली होती. हौदाच्या कठड्यावर बसून तिनं पाय पंखात घातले, मी शेपटी कमरेपर्यंत ओढून दिली. पायांना साबणाचं पाणी लावलं होतं तरी दहा मिनिटं गेली. मग ती दोन्ही हातांवर जोर देऊन पाण्यात सरकली.

जे झालं ते दोन-तीन क्षणांत झालं. तिचे पाय खाली जायच्या ऐवजी वर आले. निओप्रीनमध्ये हवा असते, ते तरंगतं, हे मला बावीस वर्षं माहीत होतं. सूट अंगभर असतो तेव्हा माणूस सगळाच तरंगतो. इथं फक्त पाय तरंगले आणि डोकं खाली गेलं. मला तिचे हात पाणी मारताना दिसले, पंख वर हवेत आपटला आणि तिचा चेहरा पाण्याखाली उलटा दिसला. डोळे उघडे होते. मी चप्पल-लुंगीसकट उडी मारली, काखेत हात घालून तिला वर उचललं. ती खोकत होती.

"सोडा," ती म्हणाली. "कड धरू द्या मला."

तिनं एका हातानं कठडा धरला आणि दुसऱ्या हातानं शेपटी कमरेवरून खाली ढकलायला लागली. उजवा पाय सुटला. डावा अडकला. मी खाली बुडी मारून तो ओढून काढला, त्यात तिच्या टाचेचं कातडं सोललं. मग आम्ही दोघं कठड्यावर बसलो. माझी लुंगी भिजून पायाला चिकटली होती.

"बास झालं," मी म्हटलं. "मी मॅनेजरला न्हाय म्हणून कळवतो."

ती केस पिळत होती. श्वास जाग्यावर यायला तिला वेळ लागला.

"पाय वर जातात," ती म्हणाली. "जाळ्याला खालून शिसं बांधतात ना, तसं लावा. आणि डाव्या पायाचा खण मोठा करा. दोन्ही पाय एकदम सुटले पाहिजेत, न्हायतर ती पोरगी मरेल."

"तू परत उतरणार न्हाय."

"ते बघू. आधी घरी चला, मला थंडी वाजतेय."

घरी आल्यावर ती तापली नाही की आजारी पडली नाही. तिनं स्वयंपाक केला. मीच दिवसभर पडून राहिलो. डोळे मिटले की पाण्याखालचा तो चेहरा समोर यायचा. तिला वादळात पत्रा लागला तेव्हा मी नव्हतो. आणि आता होतो तर मीच तिला बुडवलं होतं, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "पडून शिसं लागणार न्हाय."

जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या मेव्हण्यानंच दिल्या. एका कापडी पट्टीत त्या शिवल्या आणि पट्टी पंखाच्या मुळाशी आतून बसवली. किती गोळ्या, ते बादलीत पाणी घेऊन कळेना, म्हणून हौदावर जाऊन नुसतीच शेपटी सोडून बघितली. कमी पडल्या की पंख वर यायचा, जास्त झाल्या की सगळीच तळाला जायची. तीन खेपा झाल्या. शेवटी ती पाण्यात मध्यावर, आडवी, स्थिर राहिली. पायांचे खण रुंद केले, फिनचे टाचेमागचे पट्टे काढून टाकले. मी स्वतः गुडघ्यापर्यंत पाय घालून बघितले. झटका दिला की पाय सुटत होते. कमरेला चेन लावली नाही, फक्त रुंद इलॅस्टिक. दोन्ही अंगठे घालून खाली ढकललं की मोकळं.

आठवड्यानं पुन्हा हौदावर गेलो. या वेळी मी आधीच पाण्यात उतरून उभा राहिलो. ती सरकली तेव्हा माझे हात तिच्या खालीच होते. तिनं आधी शेपटी काढून दाखवली. मी मनात आकडे मोजत होतो, पाचाच्या आत ती मोकळी झाली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा घातल्यावर म्हणाली, "आता बाजूला व्हा."

तिनं हात डोक्यापुढं ताणले आणि कमरेतून एक हिसका दिला. पंख मागं वाकला, परत सरळ झाला आणि ती हौदाच्या पलीकडच्या कडेला पोचली. तिथं वळली. पाण्याखाली ती काळ्या रेघांची निळी-हिरवी पाठ माझ्या शेजारून गेली तेव्हा मी कोपऱ्यात अंग चोरून उभा होतो. ती पुन्हा गेली आणि पुन्हा आली. मी म्हटलं, पुरे, कळलं. ती थांबली नाही. किती खेपा झाल्या मी मोजल्या नाहीत. वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. शेपटी काढून ती माडाच्या बुंध्याला टेकून बसली, ओढणी अंगाभोवती घेतली.

"जमली का?" मी विचारलं.

"जमली. आता तासभर मला काही विचारू नका."

मेव्हण्याच्या बायकोनं चहा आणि पाव पाठवला, तो आम्ही तिथंच बसून खाल्ला.

मुलगी आली त्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं रिसॉर्टवर गेलो. पूलच्या मागं एक खोली होती, तिथं ती बसली होती. चोवीस-पंचवीसची असेल. डोळे पाण्यातल्या औषधानं लाल झालेले. आदल्या दिवशी ती दुसऱ्या कुठल्यातरी पूलमध्ये होती आणि पहाटेच्या गाडीनं इकडं आली होती. शेपटी तिनं उलटी-सुलटी करून बघितली, आत हात घालून शिवणी चाचपल्या.

"जड आहे," ती म्हणाली.

"पाण्यात जड लागणार न्हाय," मी म्हटलं.

"कोणी ट्राय केली होती?"

"मी," बायको म्हणाली.

मुलीनं तिच्याकडे वर बघितलं. काळा बुरखा, डोक्यावर रुमाल, हातात भाजीची पिशवी. "तुम्ही? बुडालात का?"

"एकदा."

"मी पण," मुलगी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. कोणाला सांगितलं नव्हतं." मग दोघी हसल्या.

मुलीच्या पायांची बोटं वरच्या बाजूनं सोलवटलेली होती. जुन्या शेपटीत घासून घासून. बायकोनं ते बघितलं आणि मला पंखाचे खण परत उघडायला लावले. पिशवीतून तिनं एक मऊ जुनी ओढणी काढली, तिच्या पट्ट्या फाडून आतून अस्तर लावून दिलं. मुलगी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली. काम झाल्यावर बायकोनंच तिला हलवून उठवलं.

संध्याकाळी पहिला खेळ झाला. आम्ही कुंपणापाशी उभे होतो. मुलं पूलच्या कडेला बसून ओरडत होती आणि ती पाण्याखालून त्यांच्या पायांजवळून जायची, मध्येच वर येऊन हात हलवायची. शेपटी खरी वाटत होती. मी ती केली होती म्हणून मला शिवणी दिसत होत्या, पण मुलांना नक्कीच दिसत नव्हत्या. एका बाईनं आमच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. मी बायकोला विचारलं, "कशी वाटते?"

"गुडघ्यामागं एक सुरकुती राहिलीय," ती म्हणाली. "पण पोहते चांगली."

परतीच्या एसटीत तिला खिडकीशी जागा मिळाली. मी उभा होतो.

तीन आठवडे खेळ चालले, पाऊस आला तसे बंद झाले. मुलीनं जाताना फोन केला, की पाय आता सोलत नाहीत, चाचींना सांगा. जुलैमध्ये मॅनेजरचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या तीन रिसॉर्टना दिवाळीसाठी शेपट्या हव्या होत्या, एक लहान मुलांच्या मापाचीही. मी सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको भात वाढत होती. "कुणाचा होता?"

"मॅनेजरचा. आणखी तीन पाहिजेत म्हणतो."

तिनं माझ्या ताटात आमटी घातली. मला त्या महिन्यात पुन्हा खोकला लागला होता, सकाळी जास्त. रोज तुळशीचा काढा पुढ्यात यायचा.

"तुम्हाला करायच्या हायत का?" तिनं विचारलं.

मी विचार करायला लागलो. तीन शेपट्या म्हणजे पावसाळा सरला असता. पडवीत बसून तोच वास, तोच रुमाल, तीच सुई. कुणी बोलावणारं आहे हे बरं वाटत होतं. तरी छातीतून उत्तर आलं ते वेगळंच आलं.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग न्हाय म्हणून सांगा."

जेवण झाल्यावर मी फोन लावला. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, दमलोय. तो म्हणाला, चाचा, दोन महिने आराम करा, मग सुरू करा. मी म्हटलं, तसं दमणं न्हाय हे. त्याला ते कितपत कळलं माहीत नाही, पण त्यानं आग्रह केला नाही. सोल्युशनच्या उरलेल्या दोन बाटल्या मी बोटी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला देऊन टाकल्या.

आत आलो तर ती आडवी झाली होती. बाहेर पाऊस लागला होता आणि वीज गेली होती. मी तिच्या पायथ्याशी बसलो आणि तिचा तो व्रणाचा पाय मांडीवर घेतला. ओल्या हवेत तो ठणकतो, हे तिनं मला आता सांगितलं होतं. मी तेल लावून पोटरी चोळायला लागलो.

"हळू," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता बास. तुम्ही पण पडा जरा."

मी पाय खाली ठेवला, तेलाची वाटी कोनाड्यात ठेवली आणि तिच्या शेजारी आडवा झालो. ती आधी झोपली.